शिवाशिवीत लिंबूटिंबू

उवा घारीच्याच डोक्यात होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे या प्रकरणात बऱ्याच जणींनी बरंच काही म्हटलं आणि त्यात खरं फारसं काही नव्हतं.

घारी पाचवीतली. डोळे मांजरीसारखे म्हणून घारी. अंगाने काडी आणि तोंडाने चार माणसांना पुरून उरेल अशी. तिच्या आईचं केस कापायचं पार्लर होतं. रस्त्याला लागून पुढची खोली, तीत दोन खुर्च्या आणि दोन आरसे, पडद्यामागे घर. आसपासच्या सगळ्या बायका-मुलींचे केस त्या दोन खुर्च्यांत कापले जात. येणारीच्या डोक्यात काही वळवळताना दिसलं तर आई मोठ्या गोडीने तिला औषध सांगून परत पाठवी आणि मग कंगवे उकळत बसे. अशा बाईच्या पोटच्या पोरीच्या डोक्यात उवा निघाल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

सापडल्या एका शनिवारी संध्याकाळी. आईने लगेच शटर ओढून घेतलं, घारीला खुर्चीत बसवलं, मांडीवर पांढरा टॉवेल पसरला आणि बारीक दातांची फणी चालवायला सुरुवात केली. औषध, धुणं, फणी, परत औषध, असा शनिवार गेला आणि अख्खा रविवार गेला. घारी टॉवेलवर पडणाऱ्या उवा मोजत होती, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. रविवारी दिवेलागणीला आईने शेवटची फणी फिरवली, टॉवेलवर काही पडलं नाही, आणि मग तिने घारीची हनुवटी धरून तोंड आरशाकडे वळवलं.

"हे कुणाला बोलायचं नाही. शाळेत नाही, मैत्रिणींत नाही. लोक माझ्या हातात डोकं देतात, घारे. हे कळलं तर एक बाई दार ओलांडायची नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काही आईला वेगळं सांगावं लागलं नाही. घारीने मान हलवली. वडील घरात नव्हते, कधीचेच नव्हते. त्या दोन खुर्च्यांवर घर चालतं हे तिला पहिलीपासून ठाऊक होतं.

सोमवारी शाळेत नर्सबाई आल्या. मुलींना रांगेत उभं करून एकेकीच्या केसांत दोन पेन्सिलींनी भांग पाडून बघू लागल्या. घारीचं डोकं बघून म्हणाल्या, अगदी स्वच्छ, आई काळजी घेते वाटतं. घारीच्या मागे शेपटी होती. शेपटी म्हणजे घारीची बाकावरची जोडीदारीण. कमरेखाली जाणारी वेणी होती म्हणून सगळा वर्ग तिला शेपटी म्हणायचा, प्रेमानेच. दोघी पहिलीपासून एका बाकावर. एकाच पुस्तकात डोकं घालून वाचायची दोघींना सवय, आणि उवांना एका डोक्यावरून दुसऱ्यावर जायला याहून सोपा पूल कुठला मिळणार? नर्सबाईंनी शेपटीच्या वेणीखाली बघितलं, हातातल्या पेन्सिली कागदात गुंडाळल्या आणि तिला बाजूला उभं केलं. एकटीलाच.

घारी तिथेच होती, हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. उघडलं नाही.

शेपटीचे वडील फरशी बसवायचं काम करत. आई दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायची. बापाने संध्याकाळी तासभर फणी चालवून बघितली. पण सिमेंटने राठ झालेली बोटं आणि कमरेखालची वेणी यांचं काही जमेना. पोरगी रडायला लागली, तोही रडवेला झाला, आणि शेवटी त्याने कात्री घेतली. फरशीवाल्याचा हात सरळ खरा, पण डोकं काही सपाट नसतं. दुसऱ्या दिवशी शेपटी शाळेत आली तेव्हा तिच्या डोक्यावर कुठे बोटभर केस होते आणि कुठे नुसती कातडी.

तो माणूस मग मुलीला घेऊन पार्लरमध्ये आला. घारीच्या आईने त्याला दुकान बंद व्हायच्या वेळी यायला सांगितलं होतं, गिऱ्हाईक असताना नको. तो ओशाळं हसत म्हणाला की ताई, माझ्या परीने केलं, पण बिघडलं, जरा सारखं करून द्या. आईने खरोखर जीव लावून काम केलं. औषध लावलं, मशीन फिरवलं, कानामागचं कात्रीने नीट केलं, मान पुसून पावडरही लावली. पैसे घेतले नाहीत. आणि काम करता करता, आरशाकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "मुलींच्या शाळेत हे असं चालतंच. कुणाकडून कुणाला आल्या, काही सांगता येत नाही."

शेपटीने आरशातून घारीकडे बघितलं. घारीने झाडू घेतला आणि खाली पडलेले केस गोळा करायला लागली. बराच वेळ करत राहिली. केस तसे मूठभरच होते.

इथून पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. ठरवून केलं असतं तर निदान कुणाला तरी जाब विचारता आला असता. शेपटीच्या शेजारी कुणी बसेना. घारीला तर कप्तानने स्वतः बोलावून आपल्या बाकावर घेतलं. कप्तान म्हणजे वर्गाच्या धावण्याच्या संघाची कप्तान. मधल्या सुट्टीत काय खेळायचं, कुणी खेळायचं, राज्य कुणावर, सगळं ती ठरवायची. मुलगी मनाने वाईट नव्हती. पडलेल्या मुलीला पाणी आणून देणारी होती. पण आपला शब्द मोडलेला तिला चालत नसे, आणि आजवर तो कुणी मोडलाही नव्हता. तिच्या बाकावर बसायला मिळावं म्हणून घारी दोन वर्षं झुरत होती. आता मिळालं. ती दप्तर उचलून गेली, आणि जाताना मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गेली नसती.

आठवडाभर शेपटी मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून एकटी डबा खायची. मग वर्गबाईंच्या ते लक्षात आलं. बाईंनी वर्गाला दहा मिनिटं सुनावलं आणि शेवटी निकाल दिला: तिला खेळात घ्यायचं, नाहीतर खेळ बंद. मी खिडकीतून बघणार आहे.

कप्तान चिडली. शिवाशिवीत घ्यायचं म्हणजे तिला हात लावायचा, आणि तिच्यावर राज्य आलं की ती सगळ्यांना लावणार. मुलींचं कोंडाळं जमलं, कुणाला काही सुचेना. सुचलं घारीला.

"तिला लिंबूटिंबू करू या," घारी म्हणाली.

लिंबूटिंबू म्हणजे कुणाचं तरी शेंबडं भावंड, जे मला पण, मला पण म्हणून रडतं. त्याला खेळात घेतात, पळू देतात, पण त्याला कुणी धरत नाही. ते आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. ते आपल्या मनाशी खेळतं आणि खूश असतं. साप मरावा पण काठी मोडू नये, असा हा उपाय होता. खिडकीतून बघणाऱ्या बाईंना सगळ्या मुली पळताना दिसतील आणि हात तर कुणाचा लागणार नाही. कप्तानने घारीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली की डोकं आहे तुला.

खरी गंमत म्हणजे घारीला वाटलं, आपण चांगलंच काम केलं. शेपटी पायऱ्यांवरून उठून मैदानात आली की नाही? आली. बाई खूश झाल्या की नाही? झाल्या. घरी येऊन तिने आईला सांगितलंसुद्धा, की मी तिला खेळात घ्यायला लावलं. आई म्हणाली, बरं केलंस. त्या दिवशी दोघींना बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली असावी.

पहिले दोन-तीन दिवस शेपटी जीव खाऊन पळाली. पळण्यात ती मुळात वर्गात सगळ्यांत पुढे होती. राज्य असलेली मुलगी दिसली की किंचाळायची, हुलकावणी द्यायची, भिंतीमागे लपायची. मग तिच्या ध्यानात आलं की मागे कुणी येतच नाही. मग ती हळू पळू लागली. मग चालू लागली. आणि पुढे पुढे मैदानाच्या मध्यात, स्वेटरच्या खिशात हात घालून नुसती उभी राहायची. सगळ्या तिला वळसा घालून पळायच्या, मध्ये विजेचा खांब असावा तशा. एकदा तर ती राज्यवालीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, हात बाहेर काढून, म्हणजे घे, धर. राज्यवाली कडेने निघून गेली. हे घारीने पाहिलं. त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

पण बोलायचं कसं? बोललं तर कप्तानचा बाक जाणार, हे तर होतंच. पण कप्तानची आई दर महिन्याला केस कापायला दुसऱ्या खुर्चीत बसायची आणि येताना आणखी तिघींना घेऊन यायची. एका वाक्यात चार डोकी जाणार. घारी हा हिशोब रोज झोपताना करायची आणि रोज गप्प बसायचं ठरवायची. आपण जिला पहिलीपासून जिवलग म्हणतो तिचा केसाने गळा कापतोय, हे न कळण्याइतकी ती लहान नव्हती. ते थांबवण्याइतकी मोठीही नव्हती. अकरा वर्षांच्या माणसाची हीच मोठी पंचाईत असते.

एका गुरुवारी मधल्या सुट्टीत राज्य घारीवर आलं. तिने दोघींना हुकवलं आणि कप्तानला भिंतीकडे रेटत आणलं. कप्तान डावीकडे जाणार की उजवीकडे, एवढंच राहिलं होतं. दोघींच्या मध्ये शेपटी पाठमोरी उभी होती, खिशात हात घालून. तिला वळसा घालून जायचं, रोजच्यासारखं. घारीने काही ठरवलं नव्हतं. तिने हात पुढे केला आणि शेपटीच्या खांद्यावर ठेवला.

शेपटी दचकली, खाली वाकली आणि दोन्ही हातांनी तिने डोकं झाकून घेतलं. तिला वाटलं, मारतायत.

घारीला ते बघवेना. खेळात हात लागला की मुली किंचाळतात, हसतात, भांडतात. डोकं झाकून खाली बसत नाहीत. ही पळणारी पोर, आणि हिला आता माणसाचा हात म्हणजे मार वाटतो, आणि हे आपण केलं. आपल्या सुपीक डोक्यातून निघालेलं हे. ती कशीबशी म्हणाली, "राज्य तुझ्यावर."

"ते धरायचं नाही," कप्तान म्हणाली. "ती लिंबूटिंबू आहे. आणि तू हात कशाला लावलास? जा, धुऊन ये."

"उवा माझ्या होत्या," घारी म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, चेष्टा करतेय. घारी चेष्टेखोर म्हणून प्रसिद्ध होतीच. म्हणून तिने परत सांगितलं, नीट, फळ्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं तसं. नर्सबाई सोमवारी आल्या, त्याच्या आधीच्या शनिवारी-रविवारी आईने माझ्या डोक्यातून काढल्या. एकशे बारा निघाल्या. तिला माझ्यामुळे झाल्या. आकडा ऐकला आणि मुलींना खरं वाटलं. एवढा नेमका आकडा कुणी उगाच सांगत नाही.

मुली एक-एक पाऊल मागे सरकल्या. कप्तान सगळ्यांत जास्त सरकली, आणि सरकता सरकता तिचा हात डोक्याकडे गेला. इतके दिवस ती घारीला चिकटून एका बाकावर बसली होती. घंटा झाली. वर्गात गेल्यावर घारीने आपलं दप्तर उचललं आणि शेवटच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली. कुणी जा म्हणालं नव्हतं, पण काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

घारी घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. कप्तानच्या आईने रविवारची वेळ रद्द केली होती, स्वतःची आणि बाकीच्या तिघींची. आई रिकाम्या खुर्चीत बसली होती. घारी दारातच उभी राहिली.

आईने तोंडाचा पट्टा सोडला तो थांबेचना. तुला सांगितलं काय होतं, तू केलंस काय, आता खायचं काय, माती? घारी ऐकत होती. उलट बोलली नाही, रडलीही नाही, आणि त्यामुळेच बहुधा आईचा जोर ओसरला. ती उठली, कंगवे उकळायला ठेवले, खरं तर ते सकाळीच उकळून झाले होते. पोळ्या करताना तिची पाठ घारीकडे होती.

"त्या दिवशी ती पोरगी माझ्या हाताखाली बसली होती," आई तव्याकडे बघत म्हणाली. "तिचा बाप पैसे देत होता, आणि मी नको म्हणाले. मोठी उदार. त्याच्यापेक्षा खरं बोलले असते तर काय बिघडलं असतं?"

जेवताना आईने विचारलं की सांगितलंस तेव्हा ती मुलगी काय म्हणाली. घारीला आठवेना. तिने आठवायचा प्रयत्न केला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण सगळं सांगितलं ते कप्तानला आणि बाकीच्यांना. शेपटी तिथेच होती, पण तिच्याशी आपण एक शब्द बोललो नाही. 'तिला माझ्यामुळे झाल्या' म्हणालो, तेही दुसऱ्यांकडे बघून.

"मग अर्धंच केलंस," आई म्हणाली. "उरलेलं उद्या कर. मी तिच्या बाबांकडे जाऊन येते."

शुक्रवारी घारी शाळेत लवकर गेली. शेपटी आधीच आली होती, पहिलीपासूनच्या त्यांच्या बाकावर बसून पेन्सिलीला टोक करत होती. केस आता नखभर वाढले होते आणि सगळीकडून सारखे होते. आईचं काम चोख असायचं. घारी बाकाजवळ उभी राहिली. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरली आणि एवढंच म्हणाली, "माझं चुकलं. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आणि ते लिंबूटिंबू पण मीच सुचवलं होतं."

शेपटीने टोकावर फुंकर मारली. "उवांचं मला माहीत होतं."

"काय?"

"तपासायच्या आधीच्या शुक्रवारी. तू पुस्तकात बघत होतीस आणि तुझ्या कॉलरवर एक चालत होती. मी उचलली आणि बाकावर नखाने चिरडली. तुला लाज वाटली असती म्हणून बोलले नाही."

घारी बाकाच्या कडेला टेकली. शेपटीला रांगेत बाजूला काढलं तेव्हा माहीत होतं. बापाने कात्री घेतली तेव्हा माहीत होतं. आरशातून बघितलं तेव्हाही.

"मग तू सांगितलं का नाहीस सगळ्यांना?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते." शेपटीचा आवाज अगदी साधा होता, गृहपाठाबद्दल बोलावं तसा. "रोज वाटायचं, आज सांगेल. चोवीस दिवस लावलेस."

घारीला आता रडू आलं. इतक्या दिवसांचं एकदम आलं, नाकातोंडातून. शेपटीने तिला रडू दिलं. रुमाल दिला नाही, जवळही सरकली नाही. वर्गात मुली येऊ लागल्या होत्या, दारातून बघत होत्या आणि लांबच्या बाकांवर जाऊन बसत होत्या. कप्तान आली, दोघींकडे बघितलं आणि आपल्या जागेवर गेली.

"तुझ्याशी कट्टी आहे," शेपटी म्हणाली. "आधी घेता येत नव्हती. दुसरं होतंच कोण माझ्याशी बोलायला? तू बोलत नव्हतीस तरी मनात तूच होतीस. आता घेते."

घारीने मान हलवली. हे रास्तच होतं. कुणी वर्गबाईंकडे नेलं असतं, कुणी पट्टीने मारलं असतं, तरी तिला इतकं रास्त वाटलं नसतं. तिने बाहीने नाक पुसलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"चोवीस. आजपासून."

घारीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. मग मध्येच थांबली. विचारू की नको, असं तिला झालं, पण मोजणी चुकून एक दिवस जरी आधी बोललं गेलं असतं तर सगळंच परत बिघडलं असतं.

"रविवार धरून की सोडून?"

शेपटीने पेन्सिल खाली ठेवली. सोडून म्हटलं असतं तर कट्टी आणखी लांबली असती, आणि तिच्या बाजूने बघितलं तर तसं म्हणायला काहीच हरकत नव्हती.

"धरून," ती म्हणाली.